कापसातली पिल्लं

स्टुडिओवालीला कुणी वाईट म्हणू शकत नव्हतं, आणि गादीवालीची पहिली तक्रार तीच होती. बाई कधी कुणावर आवाज चढवायची नाही, कुणाच्या दारात कचरा ढकलायची नाही. समोरून आली की "काकू, बऱ्या आहात ना?" म्हणून मान अशी तिरकी करायची की जणू आत्ता कुणीतरी तिचा फोटो काढतंय. पण तिच्या घरातलं जे जे नकोसं असेल ते बरोब्बर दुसऱ्याच्या दारात जाऊन पडायचं, आणि ही आपली हात पुसून मोकळी. पाणी सांडलं तर उतार शेजाऱ्याकडे. गिऱ्हाइकाशी वाजलं तर मध्यस्थी शेजाऱ्याची. आणि मांजर व्याली तर बाळंतपण गादीवालीच्या कारखान्यात.

"अगं, मांजर तिनं पाळलीय की मी?" गादीवाली सुनेला म्हणायची. "खायला तिच्याकडे, विंचरून घ्यायला तिच्याकडे, आणि बाळंतपणाला माझ्याकडे. माहेर करून ठेवलंय त्या भवानीनं माझं घर."

"आई, जरा हळू," सून म्हणायची. "भिंत पातळ आहे."

"मग ऐकू दे की. भिंतीला मी काय लाजते?"

दोन्ही दुकानांमध्ये एकच भिंत होती. एका बाजूला स्टुडिओ. काचेची मोठी खिडकी, तिच्यात नवराबायकोंचे, हसऱ्या पोरांचे फोटो. दुसऱ्या बाजूला गाद्यांचा कारखाना. पुढे कापडाचे तागे आणि गल्ला, तिथे सून बसायची. मध्ये लांबोडकी खोली, तिथे कापूस पिंजायचं यंत्र घरघरायचं, ते थोरला मुलगा चालवायचा. आणि मागे कापसाची खोली. पिंजून निघालेला कापूस त्या खोलीत ढिगानं पडून राहायचा, पांढराशुभ्र, माणूस पडलं तर कुठे पडलं ते सापडू नये असा. कापसाला वारा लागतो, नाहीतर तो कोंदटतो, म्हणून मागची खिडकी सदा उघडी. मांजर यायची ती त्याच खिडकीतून.

मांजरीचं नाव प्रिन्सेस. गादीवालीच्या तोंडी ते नाव कधी बसलं नाही आणि तिनं बसवूनही घेतलं नाही.

पिल्लं डोळे उघडून तुरुतुरु चालायला लागली की स्टुडिओवालीचा हंगाम सुरू व्हायचा. ती येऊन "अगं बाई, इथे होय माझी बाळं!" असं म्हणत सगळी उचलून न्यायची. मग वेताची टोपली, टोपलीत मऊ दुलई, दुलईत पिल्लं, आणि शेजारी कुणाचं तरी रडकं पोर. पोर पिल्लाला बघून हसलं रे हसलं की खटक! आया नुसत्या विरघळून जायच्या. एकीनं दुसरीला सांगावं, दुसरीनं तिसरीला, असं करत दारात रांग लागायची. पुढे पिल्लांना नखं फुटली, ती पोरांना ओरबाडायला लागली, की एक दिवस टोपली रिकामी.

"चांगल्या घरी दिली हो, काकू."

ती चांगली घरं गादीवालीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. मासळीबाजाराच्या मागे, जिथे बर्फाचं घाण पाणी वाहत येतं, तिथे फोटोच्या कागदाचं खोकं ठेवलेलं होतं. खोक्यात काय होतं ते सांगायला नको. वर हवा जायला भोकंसुद्धा पाडलेली होती. बाई मायाळू!

त्यानंतर एका सकाळी स्टुडिओवाली काच पुसत होती आणि गादीवाली पायरीवर चहा घेऊन बसली होती. मांजर दोघींच्या मध्ये ऊन खात पसरली होती.

"अगं, हिचं ऑपरेशन का करून टाकत नाहीस? जनावरांचा डॉक्टर इथे चौकात बसतो. लोक नेतात आपापली मांजरं."

"काकू!" स्टुडिओवालीनं फडकं छातीशी धरलं. "तिच्यासमोर नका ना बोलू असं."

"का? ती काय वकील लावणार आहे?"

"तिला सगळं कळतं. आणि आई होणं हा तिचा हक्क आहे. मी कोण तो काढून घेणारी?"

"हक्क एकदा बजावला की पुरे. ही दर चार महिन्यांनी बजावतेय."

"निसर्ग आहे तो, काकू."

"मग तुझ्या घरात का नाही येत तो निसर्ग? माझ्याच कापसात बरा येतो."

स्टुडिओवाली गोड हसली. "तुमचा कापूसच तसा आहे ना! खडा नाही, काडी नाही. तिलाही कळतं चांगला माल कुठे मिळतो."

झालं. मालाची तारीफ केली की गादीवालीचं तोंड बंद होतं, हे त्या बयेला पक्कं ठाऊक होतं. गादीवाली चहा पिऊन आत गेली, आणि आत गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला गुंडाळलं.

थोरल्यानं सरळ उपाय सांगितला. "आई, खिडकीला जाळी ठोकून टाकतो. वाराही येईल आणि मांजरही यायची नाही."

"तू कशाला ठोकतोस जाळी? मांजर तिची, आणि पिंजऱ्यात आपण?"

"अगं, पिंजरा कसला, नुसती जाळी."

"नाही म्हणजे नाही. तिनं यावं, म्हणावं, काकू, माझ्या मांजरीचा त्रास होतो, जाळी मी लावून देते. मग बघू. मी काही आपणहून माझ्या खिडक्या बुजवत बसणार नाही."

सून तोंडातल्या तोंडात म्हणाली, "म्हणजे जाळी लागतच नाही." पण हे मोठ्यानं बोलायला धीर लागतो, म्हणून ती तागे आवरायला उठली.

आता वन्संविषयी सांगायला हवं, कारण हे सगळं पुढे त्यांच्याच अंगावर यायचं होतं.

वन्सं म्हणजे गादीवालीची नणंद. लग्न झालं नाही, भावाच्या घरी राहिली, भाऊ गेल्यावर वहिनीच्या घरी राहिली. दोघींचं पटायचं असं नाही, पण एकीवाचून दुसरीचं चालायचं नाही. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. खोळीत कापूस भरायचा, चारही कोपरे दाबून दाबून बसवायचे, मोठ्या दाभणानं तोंड शिवायचं, मग लांब काठीनं गादी झोडपून कापूस सारखा करायचा आणि शेवटी टाके घालायचे, हे सगळं वन्सं एकट्या करायच्या. नुसता तळवा फिरवून सांगायच्या, कापूस कुठल्या कोपऱ्यात रुसून बसलाय. त्यांच्या हातची गादी कधी परत आली नव्हती, आणि त्यांना दुसरी कसली ऐट मिरवायला मिळालीच नव्हती. तेवढी एक होती.

त्यांचे कान यंत्रानं खाल्ले होते. तरुणपणापासून त्या घरघरीत उभ्या राहिल्या, ते आधी बारीक आवाज गेले, मग माणसांचे गेले, मग सगळंच गेलं. बोलायच्या मात्र खणखणीत, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं. आणि समोरच्याचे ओठ वाचायच्या. त्यामुळे त्यांच्यासमोर कुणी चहाडी करायच्या भानगडीत पडत नसे.

त्या दिवशी थोरला हातगाडीवर माल पोचवायला गेला होता. यंत्र बंद होतं. कारखान्यात इतकी शांतता होती की कान असणाऱ्या कुणालाही मागच्या खोलीतलं बारीक चिवचिवणं ऐकू आलं असतं. पण सून बाहेर गेलेली, गादीवाली पुढे रस्त्याच्या गोंगाटात कापड मोजत बसलेली, आणि मागे एकट्या वन्सं.

मांजर पुन्हा व्याली होती आणि पोटाला काहीतरी शोधायला बाहेर पडली होती. वन्संनी ढिगातून कापूस उचलला. पिंजलेला कापूस हाताला काय लागतो! ढग उचलावा तसा कवेत घ्यायचा आणि खोळीत सारायचा. त्यांनी तसाच घेतला, तसाच सारला. खोळ भरली. कोपरे दाबले. तोंड शिवलं. काठी उचलली.

थोड्या वेळानं गादीवालीला मागून वन्संचा आवाज आला, "हुश्श! हुश्श! निघ मेली इथून!" आवाज थांबेना तेव्हा ती कापड टाकून उठली. आत जाऊन बघते तर मांजर गादीवर चढली होती आणि शिवलेलं तोंड नखांनी ओरबाडत होती. वन्सं काठीनं तिला ढकलत होत्या, ती पडत होती आणि परत चढत होती. ती वन्संकडे बघतही नव्हती.

गादीवालीची नजर मांजरीच्या पोटाकडे गेली. थानं दुधानं तटतटलेली.

तिनं कात्री घेतली आणि शिवण फाडायला सुरुवात केली.

"अहो वहिनी!" वन्सं ओरडल्या. "नवी गादी आहे! मांजरीचा राग गादीवर काय काढता?"

गादीवालीनं शिवण टरकावली. दोन्ही हात आत घालून ती कापूस बाहेर ओढत राहिली. कापूस उडत होता, तिच्या केसांत, तोंडात जात होता. एक पिल्लू हाताला लागलं. मग दुसरं. मग तिसरं. तिन्ही मऊ होती, कोमट होती, आणि हलत नव्हती. चौथं अगदी कोपऱ्यात होतं. त्यानं तोंड उघडलं.

वन्सं काठी हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी पिल्लांकडे बघितलं, गादीकडे बघितलं आणि मग काठीकडे. काठी त्यांनी हळूच, आवाज होणार नाही अशी खाली ठेवली. ज्या बाईला आवाज ऐकू येत नाही तिनं.

मांजरीनं जिवंत पिल्लू तोंडात धरलं आणि खिडकीतून, मागच्या आवाराच्या भिंतीवरून स्टुडिओत नेलं. थोड्याच वेळात स्टुडिओवाली धावत आली. डोळ्यांत पाणी होतं, खोटं नव्हतं. कापडावर ठेवलेली तीन पिल्लं बघून तिनं तोंडावर हात घेतला. रस्त्यावरची चार माणसं तिच्या मागून आत डोकावली.

"देवा रे! कुणी केलं हे?"

तिची नजर उघड्या खिडकीकडे गेली.

"काकू, तुमच्या खिडकीला साधी जाळी नाही हो! आणि ज्या माणसाला ऐकूच येत नाही त्याला असल्या कामाला ठेवायचंच कशाला?"

हे ती माणसांकडे बघून म्हणाली नाही. ती वन्संकडे बघत होती. वन्सं तिचे ओठ बघत होत्या.

गादीवालीची जीभ म्हणजे गल्लीतली नामांकित चीज. भल्याभल्यांना तिनं उभं सोललं होतं. त्या दिवशी तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. जाळी, एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं. स्टुडिओवाली रडत रडत निघून गेली, माणसं पांगली. जाताना एकजण दुसऱ्याला म्हणाला, "बहिरीनं मारली रे." सांगायला नको की ते दोघेही वन्संच्या समोरून गेले.

थोरल्यानं त्याच संध्याकाळी जाळी ठोकली. तेवढंच काम होतं.

दुसऱ्या दिवशी वन्सं नेहमीच्या वेळेला कामाला बसल्या. एक गादी भरली, शिवली. मग कात्री घेऊन शिवण उसवली, सगळा कापूस बाहेर काढून मूठमूठ चाचपला, परत भरला, परत शिवला. आणि परत उसवायला घेतली.

"वन्सं, जाळी लागली आता," गादीवालीनं समोर येऊन ओठ मोठे करून सांगितलं. "मुंगीसुद्धा यायची नाही आत."

"कळतंय मला."

"मग?"

"त्या दिवशी माझ्या हाताला काही लागलं नाही, वहिनी. आता प्रत्येक गादीत लागतं."

"काही नाही हो त्यात. मी बघितलंय ना."

"तुम्ही बघा. मी हातानं काम करते."

थोरल्यानं तयार गाद्यांचा थर भिंतीला लावून ठेवला होता, त्यातल्या दोन वन्संनी दुपारी उसवून ठेवल्या. गिऱ्हाइकं येऊन ताटकळली. मग वन्संनी आपणच काठी सोडली, दाभण सोडला. सुनेला म्हणाल्या, तू शिक, तुला कान आहेत. आणि स्वतः चटई घालून जमिनीवर झोपायला लागल्या. जन्मभर लोकांना गाद्यांवर झोपवलेली बाई. गादीवालीनं एकदा रागावून, एकदा चुचकारून, एकदा तर आपलीच गादी ओढून त्यांच्याजवळ आणून बघितली. वन्सं कूस बदलून भिंतीकडे तोंड करायच्या. ओठ दिसले नाहीत की बोलणं संपलं. बहिऱ्या माणसाशी भांडायची हीच पंचाईत. त्यानं पाठ फिरवली की आपण मुके.

"थोडे दिवस जाऊ देत, आई," थोरला म्हणाला.

"जाऊ देत म्हणजे काय होईल? त्यांना दुसरं काय येतं? काय आहे त्यांचं दुसरं?" गादीवाली म्हणाली. "ती काठी म्हणजे त्यांचा संसार होता रे."

स्टुडिओवाली त्या दिवसांत एकदा आली होती. सुनेजवळ हळू आवाजात म्हणाली, थोडा कापूस देतेस का, अगदी ओंजळभर. सुनेला वाटलं, पिल्लाला ऊब द्यायला हवा असेल. तिनं दिला. वर स्वच्छ निवडून दिला.

त्याचं काय झालं ते पुढे दिसलं. गादीवाली आणि वन्सं बाजारातून येत होत्या. वन्सं हल्ली बाहेर पडत नसत, त्या दिवशी कशाबशा तयार केल्या होत्या. स्टुडिओच्या काचेपाशी माणसं थांबली होती. आत नवा फोटो लागला होता, दारभर मोठा. ते पिल्लू. कापसात अर्धं बुडालेलं, डोळे टपोरे, एक पाय वर. खाली ठळक अक्षरं. गादीवाली शाळेत गेली ती न गेल्यासारखीच, तिला एकेक अक्षर जुळवायला वेळ लागायचा. ती 'गा'पासून सुरुवात करून ओठ हलवत होती, तोवर वन्संनी वाचून टाकलं होतं.

"'गादीतून वाचलेलं बाळ,'" वन्सं आपल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. सगळी माणसं वळून बघायला लागली. "कापूस आपलाच आहे, वहिनी. बघा, काडी नाही एकसुद्धा."

आणि त्या चालू लागल्या.

घरी जाऊन त्यांनी पिशवी भरली. त्यांच्या बहिणीच्या मुलीनं कधीपासून बोलावलं होतं, तिच्या घरी पोरं सांभाळायला माणूस हवं होतं.

"किती दिवसांनी येणार?" गादीवालीनं विचारलं.

"बघू."

"बघू म्हणजे? गाद्या कोण भरणार?"

"सुनेला जमायला लागलंय. कोपरे जरा कच्चे भरते, सांगा तिला."

"वन्सं, मी तुम्हाला जा म्हटलं नाही. कुणी म्हटलेलं नाही."

"तुम्ही नाही म्हटलं," वन्सं म्हणाल्या. "पण तिनं म्हटलं तेव्हा तुम्ही गप्प होता. तुमचे ओठ मी बघत होते, वहिनी. हललेच नाहीत."

गादीवाली पिशवी उचलून दारापर्यंत गेली. थोरला वन्संना गाडीत बसवून आला. जाताना त्यांनी चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी केली होती, आणि चादर घडी करून तिच्यावर.

पुढे काही दिवसांनी गच्चीवर बोका ओरडायला लागला. अंगात आल्यासारखा ओरडायचा. प्रिन्सेस मागच्या आवाराच्या भिंतीवर लोळत होती, गडबडा, शेपूट उडवत. खाली स्टुडिओवाली कुणा आईला सांगत होती, "थोडे दिवस थांबा ना, परत पिल्लं होतील आमच्याकडे. तुमच्या बाळाचा टोपलीतला फोटो काढू."

गादीवालीनं उशीची एक खोळ घेतली, भिंतीपाशी स्टूल नेलं, स्टुलावर चढली आणि मांजरीला मानेला धरून खोळीत घातलं. गुडघे दुखणारी बाई स्टुलावर कशी चढली ते तिलाच ठाऊक. सून बघतच राहिली.

"आई, अहो, काय करताय?"

"बाळंतपणं बंद करतेय माझ्या घरातली."

"पण मांजर आपली नाहीये!"

"तू कोपरे नीट भर. वन्सं सांगून गेल्यात."

डॉक्टरच्या दवाखान्यात कुत्री भुंकत होती आणि गादीवालीच्या मांडीवर खोळ उसळत होती. डॉक्टर तरुण होता, बाहीवर ओरखड्यांची नक्षी. त्यानं मांजर टेबलावर घेतली, तपासली.

"कुणाची आहे?"

आता हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. रस्ताभर तिनं उत्तर घोळवलं होतं. शेजारणीची आहे, तिनं पाठवलंय. शेजारीण आजारी आहे. रस्त्यावरची आहे. ऐन वेळी यातलं काहीच तोंडातून आलं नाही.

"माझी," ती म्हणाली.

"नक्की ना? मालकाच्या संमतीशिवाय करता येत नाही. नंतर लोक येऊन भांडतात."

"सगळी बाळंतपणं माझ्या घरी झालीत, डॉक्टर. पिल्लं मी पुरलीत. आणखी कुणाची असायची?"

डॉक्टरनं तिच्याकडे बघितलं. "नाव काय हिचं?"

"भवानी."

"शांत आहे का?"

"नावावरून काय वाटतं तुम्हाला?"

तो हसला. "बसा बाहेर. संध्याकाळी घरी न्या, थोडे दिवस कोंडून ठेवा. टाका चाटू देऊ नका."

"एवढंच?"

"एवढंच."

ती बाकड्यावर बसली. कुत्री भुंकत राहिली. एवढंच. माझी, असं म्हणायचं आणि बसून राहायचं. तिला वाटलं होतं, हे म्हणताना जीभ झडेल. काही झालं नाही. हा एक शब्द वेळेवर म्हटला असता तर वन्सं आत्ता काठी घेऊन उभ्या असत्या. पण तेव्हा वाटायचं, तो म्हटला तर ती बया जिंकेल. काय जिंकणार होती? एक मांजर!

संध्याकाळी ती मांजरीला घेऊन आली तेव्हा स्टुडिओवाली रस्त्यात उभी राहून "प्रिन्सेस! प्रिन्सेस!" अशा हाका मारत होती. गादीवाली तिच्या बाजूनं सरळ स्टुडिओत शिरली. आत एक जोडपं बाळाला नटवून बसलं होतं. टोपलीत ते वाचलेलं पिल्लू दोऱ्याशी खेळत होतं, आणि बाळाची आई त्याच्या गळ्यात फीत बांधत होती. स्टुडिओवाली मागोमाग आत आली. खोळीतून बाहेर आलेलं मांजरीचं डोकं आणि पोटावरचा पट्टा तिनं बघितला.

"काकू! काय केलंत हे?"

"ऑपरेशन."

"माझ्या मांजरीचं? मला न विचारता?" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "तुम्ही तिचं आईपण काढून घेतलंत! मी पोलिसांत जाईन!"

बाळाचा बाप उठून उभा राहिला. बाळाची आई म्हणाली, "आम्ही नंतर येऊ का?"

"बसा," गादीवाली म्हणाली. "तुम्हीही ऐका. फोटो काढून घेताय ना या पिल्लाबरोबर, मग ते कुठून आलं तेही ऐकून जा." मग ती स्टुडिओवालीकडे वळली. आवाज चढवला नाही. ओठ मात्र स्पष्ट हलवत बोलली, वन्संशी बोलायची सवय होती ती.

"पोलिसांत जा, खुशाल जा, मी घरीच आहे. पण आधी ऐक, परत मी तुझ्या दारात यायची नाही. जाळी मी लावली नाही. तुझी मांजर, मग मी का वाकू, म्हणून लावली नाही. तो माझा ताठा. त्याचं जे काही माप आहे ते माझ्या पदरात पडलंय आणि ते मी मरेपर्यंत वागवीन, तुला दाखवायला येणार नाही. वन्संनी शिवलं, वन्संनी काठी मारली. त्यांचं त्या घेऊन गेल्या. आणि तुझंही घेऊन गेल्या, कारण तू हातच लावला नाहीस. मांजर कोंडायला हवी होती तू, डॉक्टरकडे न्यायला हवी होती तू, आणि बोट कुणाकडे दाखवलंस? जिला तुझा एक शब्द ऐकू येत नाही तिच्याकडे. तुला माया आहे, मी नाही म्हणत नाही. रडलीस तेव्हा खरी रडलीस. पण जिचं निस्तरणं दुसऱ्याला करावं लागतं ती माया नव्हे बाई, ती हौस. तुझी हौस झाली, फोटो झाला. माझ्या घरातलं माणूस गेलं."